खाटकाचा उपास

हुदादे लागला की आमच्या गोंदर गावात
पहिलं दार माझं बंद होतं.
आकडे रिकामे. ओंडका खरवडून मीठ चोळलेला.
सुऱ्या कारळाच्या तेलानं पुसून
मी जुन्या शालीत गुंडाळतो, बाळंतविड्यासारख्या.
झेरफे, माझी धाकटी, विचारते,
"सुऱ्यांचाही उपास असतो?"
"त्यांचाच असतो," मी म्हणतो,
"माझा नुसता धंदा बसतो."

अठरा वर्षं हे खरं होतं.
पंचावन्न दिवस मी मोजत आलो
न कापलेले बैल, न आलेले बिर्र.
दुपारी तीनपर्यंत पोट कोरडं,
डोक्यात मात्र चरबी तडतडत असायची.
देवळात ढोल मुके, झांजा मुक्या,
त्या शांततेत माझाच हिशोब मला मोठ्यानं ऐकू यायचा.
संध्याकाळी इंजेऱ्यावर मसुराचा रस्सा,
कधी जवस वाटून,
आणि मी मनात म्हणायचो: आणखी एकतीस.

यंदा दुसऱ्या आठवड्यात
रिकाम्या दुकानात काही सुचेना,
म्हणून तागडी घासायला घेतली.
मांसाच्या पारड्याखाली डिंकानं चिकटवलेला
शिशाचा तुकडा, नखाएवढा.
मीच लावलेला, झेरफे जन्मली त्या साली.
विसरलो होतो, असं म्हणणार होतो.
पण बोट न चाचपडता
नेमकं तिथंच गेलं होतं.

येशीमेबेत आजी, दर शनिवारी पाव किलो,
पदराच्या गाठीतून नाणी सोडवत:
"तुझं माप म्हणजे माप हो, गेटनेट."

तुकडा खिशात ठेवला.
त्या दिवसापासून माझा उपास सुरू झाला,
आधीचे बारा दिवस मी धरत नाही.
मसूर मसूर लागू लागले.
दिवस मोजायचे राहून गेले.
गुरुवारी बायकोनं गहू-पावट्याच्या घुगऱ्या पुढे ठेवल्या
तेव्हा कळलं, आठवडा संपत आला.

शुक्रवारी पहाटेपासून देवळाच्या आवारात
पांढऱ्या शालींचं शेतच्या शेत
वाकतं, उठतं, वाकतं.
किर्यालाइसोन.
गुडघे, तळवे, कपाळ, माती.
किर्यालाइसोन.
शेजारी पोलीस, त्याच्या पलीकडे माझा उधारीबुडव्या,
त्याच्याकडे पाहायलाही सवड नाही.
उन्हात माती तापते, कपाळाला खडे रुततात,
कोणाची तरी म्हातारी बसूनच मान झुकवते
आणि तिची मान सगळ्यांत खाली जाते.

उतरत्या उन्हात रांग. अब्बांच्या हातात
रानजैतुनाची ओली फांदी.
जो तो कानात काहीतरी सांगतो, पाठीवर फांदी खातो,
वर आणखी लोटांगणांचा आकडा घेऊन जातो.
दरवर्षी मी सांगायचो: राग येतो, अब्बा.
तेवढ्यावर सुटायचो.
यंदा तोंड उघडेना. मूठ उघडली.
त्यांनी तुकडा उचलला, तळहातावर तोलला.
"किती वर्षं?"
"आठ."
फांदी इतकी हळू टेकली
की मला वाटलं, ते विसरले मारायला.
आकडाही नाही दिला.
म्हणाले, "तू मोजण्यात पटाईत आहेस.
आज न मोजता कर."

किती केली, खरंच माहीत नाही.
अंधार पडला तेव्हा झेरफे माझी चप्पल घेऊन उभी होती.

शनिवारी ओल्या गवताची पाती वाटली.
तिनं माझ्या कपाळाला बांधली,
खड्यांच्या वळांवर, जरा घट्टच.
आज मध्यरात्रीनंतर ढोल वाजतील,
कोंबडा आरवेल, मी दार उघडेन.
सगळा गाव येईल, आजीही येईल.
शीसं अब्बांकडे आहे.
बोट माझ्याकडेच आहे.

सुऱ्या अजून शालीत आहेत.
मी त्यांच्याजवळ बसलोय.