आतून रंग नको

ओरेस्टची वही तेलकट. तिच्यात
जुन्या नॉर्समन विमानांचे पत्ते:
एक तळ्याच्या बुडाशी, वीस वाव खोल,
एकाचं धड लाकडाच्या गिरणीमागं, आत कोंबड्या,
एकाचे फ्लोट कुणी होडी म्हणून वापरले आणि बुडवले.
नऊशेच्या वर बांधली होती. आता मोजायला
हातापायाची बोटं घ्यावीत, थोडी शेजाऱ्याची.

मी शिवणारी.
बरगडी-बरगडीला कापड आवळायचं, मेण लावलेला दोरा,
अडीच बोटांवर गाठ,
आणि गाठ आत दडवायची, वारा उसवायला टपलेलाच असतो.
गिमलीच्या धक्क्यावर आईनं मासळीची जाळी सांधायला शिकवलं होतं.
त्याच गाठी.

मार्चात, तळी अजून ट्रक पेलत होती तेव्हा,
बर्फावरच्या रस्त्यानं आम्ही एबल कीसिककडे पोचलो.
त्याच्या कुत्र्यांच्या डोक्यावर पंख होता,
आख्खा डावा, डांबर फासलेला,
खाली सात कुत्री, एक लंगडं.
धड पुढं झुडपात. इंजिनाच्या पोकळीत
साळिंदराचं बिऱ्हाड.
ओरेस्टनं टोपी काढली. चर्चमध्येही तो विसरतो.

एबलनं चहा ओतला.
किंमत विचारली तर म्हणाला,
"यात बसलोय मी. सहा वर्षांचा होतो."

सप्टेंबर. धक्क्यावर आया उभ्या, बाप पाण्याकडे बघत.
पोरांना शाळेत नेणारं विमान.
खुर्च्या काढलेल्या, अकरा जण पिठाच्या पोत्यांवर.
थोरली ड्रुसिला, नऊची, दाराशी.
खाली एक तळं सरलं की
केसातल्या पिनेनं दाराच्या पत्र्यावर एक रेघ.
"चालत यायचं झालं तर," ती म्हणाली,
"मध्ये किती पाणी आहे ते ठाऊक हवं."

एबल दहा वर्षांनी परतला, दुसऱ्याच विमानानं.
चहा संपला. ड्रुसिलाचं आम्ही विचारलं नाही.
त्यानं सांगितलं नाही.

"घेऊन जा," म्हणाला, "पैसे नकोत.
कुत्र्यांना छपराचा पत्रा आणून द्या.
बाहेरून वाटेल तो रंग लावा.
दाराला आतून रंग नको."

तीन हिवाळे.
स्प्रूसचे नवे वासे, नळ्यांना नवे सांधे,
इंजिन एका विधवेच्या गॅरेजातून, तिच्या लोणच्याच्या बरण्या हलवून.
ओरेस्ट चोख माणूस. शेपटीवरचं अक्षरसुद्धा
कारखान्याच्या नकाशाबरहुकूम, केसभर इकडंतिकडं नाही.
एका रात्री तो दारापुढं उभा दिसला,
हातात पॉलिशपेपर.
पांढरा गंज धरलाय, म्हणाला, खाईल पत्र्याला.
मी बोलले नाही. सुई ओढत राहिले.
बऱ्याच वेळानं त्यानं कागद खिशात घातला.

बघायला येणारे वाकून आत डोकावतात.
एवढं राहिलंय हो तुमचं, म्हणतात.

जूनमध्ये एबलला शाळेच्या गावाहून घेतलं.
शाळा नाही तिथं आता, गवत आहे.
तो दाराशी बसला, पोत्यावर नाही, खुर्चीत,
आणि बोट ठेवलं शेवटच्या रेघेवर.
इंजिनाच्या गडगडाटात बोलणं शक्य नव्हतं.
तळं सरलं की बोट एक रेघ मागं.
मीही खाली बघत मोजत होते,
शिवलेल्या माझ्या पंखाखालून
पाणी, झाडं, पाणी, जळालेलं रान, पाणी.

धक्क्याला लागलो. मी म्हटलं, एकोणचाळीस.
रेघा एकेचाळीस आहेत.
"दोन ढगाखाली गेली असतील," ओरेस्ट.
एबलनं दार हातानं पुसलं.
"मी तेव्हा झोपलो होतो, तिच्या मांडीवर.
मोजलं तिनं. एकेचाळीसच."

वर काठावर कुत्री भुंकत होती,
सातांतली चार उरलेली, फाटक्या ताडपत्रीखाली.
पत्र्याचं त्यानं काही काढलं नाही.
आम्ही तो आणला नव्हता.