खर्ज

बटण शेवटपर्यंत फिरवलं
तरी सतार येते ती
दोन घरं पलीकडे कुणी भांडी विसळावीत, इतकीच.

मी धरून चाललो, कान गेले.
वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात
एकतीस वर्षं कॉम्प्रेसरला लागून टेबल होतं माझं.
लाद्या मोजायच्या, पावत्या फाडायच्या
आणि सगळं ओरडून बोलायचं, अगदी "चहा घेणार?" हेसुद्धा.
रेडकर, कापूस घाला, म्हणायचे लोक.
घातला नाही. कापूस घातलेल्या माणसाला
दर ट्रिपेला दोन लाद्या कमी सांगतात.

तर हा प्लेअर, साडेपाच हजारांचा,
सगळ्यात स्वस्त नव्हे, त्याच्या एक वरचा.
लेकीचे जुने स्पीकर, टोस्टच्या डब्याएवढे दोन.
आणि सात तबकड्या, मेव्हण्याने बोटीवरून उतरताना
बाहरीनहून आणलेल्या; एकीवरचं नाव
वाळवीने खाल्लेलं.

आठवडाभर काय नाही केलं मी!
सुईच्या डोक्यावर रुपयाचं नाणं ठेवलं.
स्पीकर कोपऱ्यात नेले, मग पितळी परातीत उभे केले.
शालनला मात्र विचारलं नाही, तुला नीट ऐकू येतंय का.
ती हो म्हणाली असती तर?

शेवटी इनास फर्नांडिस आला. मोबाइलच्या काचा बदलतो,
बाप त्याचा रेडिओवाला.
आधी नाणं उचलून माझ्या तळहातावर ठेवलं:
"रेकॉर्ड सोलतलास काय?"
मग मागच्या पिना बघितल्या. हिरव्या पडलेल्या.
इथे कुलपं दोन वर्षं धरत नाहीत, पिनांचं काय.
खोडरबराने घासल्या. आवाज तेवढाच.
मग त्याने स्पीकरची वायर उपसली,
कान सुईपाशी नेला, आणि हसला.

"कान बरे आसत तुमचे, काका.
ही सुई पुटपुटता. चार-पाच मिलिव्होल्ट.
स्पीकराक कळाक होया तर
मधी एक माणूस होयो."

माणूस म्हणजे काडेपेटीहून जराशी मोठी डबी,
नऊशे रुपये, उद्याच्या सावंतवाडी गाडीने.

निघताना चप्पल शोधत त्याने सांगितलं ते असं:
तबकडी कोरतानाच खर्ज मुद्दाम दाबतात.
नाहीतर खाच एवढी झुलेल
की शेजारच्या खाचेत घुसेल.
टोकदार सूर तेवढे चढवून ठेवतात.
डबी उलटं करते. दाबलेलं परत देते.

आत शालन फोनवर बोलत होती. हळू.
आमच्या घरात ओरडणारा एकच माणूस होता
आणि एका घरात दोन मावले नसते म्हणून तिने
हे वाक्य मी इथेच सोडतो.

दुसऱ्या दिवशी डबी लागली
आणि घर घोंऽऽ करून उठलं.
कॉम्प्रेसर! मी खुर्चीवरून अर्धा उभा.
"भुंय नाय मा दिली तेका," इनास म्हणाला
आणि लोंबणारी बारकी वायर
डबीच्या स्क्रूखाली आवळली.
शांत. काय शांत!
मग सतार आली ती थेट छातीच्या पिंजऱ्यात.

नाव खाल्लेली तबकडी शेवटी लावली.
कुणी बाई आहे. भाषा कळत नाही.
गाण्याआधी ती खाकरते,
बाजूच्याला काहीतरी सांगते, तो हसतो.
आठवडाभर हे सगळं तिथेच होतं.
"जरा बारीक करा," शालन दारातून म्हणाली,
आणि मला ते
पहिल्या खेपेला ऐकू आलं.

रात्री जेवणं झाल्यावर स्पीकर बंद केले,
तबकडी तशीच फिरत ठेवली.
सुई एकटीच गात होती, डासाएवढं.
शालन ओले हात पदराला पुसत आली, वाकली,
तिची वेणी प्लेअरला लागेल म्हणून मी ती धरली.
"येतंय ऐकू?" मी विचारलं.
मला वाटतं, हळूच विचारलं.

तिने बोट वर केलं.
थांबा.