उरलेल्यांपैकी पाऊण

तोआ पायो, अकरावा मजला, रात्रीचे पावणेनऊ.
अंगात अजून बसचा गणवेश, फक्त गळ्याशी एक बटण सुटलेलं.
सुहैला वही सरकवते. बोलत नाही.
रविवारपासून आमचा छत्तीसचा आकडा:
तिचा मोबाईल, माझा चढलेला आवाज
आणि एक शब्द, जो मी इथे पुन्हा लिहिणार नाही.

गणित असं.
मॅडम रोकियांनी अननसाचे दोनशे चाळीस टार्ट भाजले.
सकाळी दोन-पंचमांश विकले.
दुपारी उरलेल्यांपैकी पाऊण.
तर संध्याकाळी ताटात किती?

हात्तिच्या, म्हटलं, एवढंच ना.
दोन-पंचमांश म्हणजे शहाण्णव,
पाऊण म्हणजे एकशे ऐंशी,
बेरीज दोनशे शहात्तर.
पेन थांबलं.
भाजले दोनशे चाळीस, विकले दोनशे शहात्तर.
जन्मालाच न आलेल्या छत्तीस टार्टचे पैसे
बाईंनी कुणाकडून घेतले असतील?

सुहैलाने ओठ दाबून धरले.
मग माझ्या हातातून पेन काढून घेतलं
आणि एका शब्दाखाली दोनदा रेघ ओढली:
उरलेल्यांपैकी.
"अबाह, तुम्ही प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू करता."

पट्टीने लांब आयत आखला, त्याचे पाच तुकडे.
दोनांवर फुली.
"हे गेले. आता यांच्याकडे बघायचंच नाही."
राहिलेले तीन तिने खाली पुन्हा आखले,
सलग, मधल्या भिंती पुसून.
"आता हेच पूर्ण."
मी विचारलं, "हे? हे तर उरलंसुरलं."
"हेच पूर्ण," ती म्हणाली,
गेल्या वर्षीच्या बाईंच्या आवाजात.
एकशे चव्वेचाळीस. त्याचे चार भाग, तीन विकले.
एक राहिला. छत्तीस.

म्हणजे मला जितके कमी पडले
तितकेच तिच्या ताटात शिल्लक.
यात काही अर्थ असेल असं मला वाटलं.
तिला नाही वाटलं. तिने उत्तराला चौकट केली.

वास्तविक हे मला कळायला हवं होतं.
रोज रात्री इंटरचेंजला अर्धी बस रिकामी होते,
मग दवाखान्याच्या थांब्यावर राहिलेल्यांतली अर्धी,
मग बाजाराशी राहिलेल्यांतली पुन्हा अर्धी,
आणि शेवटी एकच माणूस, खिडकीला डोकं टेकून झोपलेला.
त्याचा अर्धा कुठल्या थांब्यावर उतरवायचा?
मी आरशातून बघतो, खाकरतो,
डेपो आला की हलवून उठवतो.
तो म्हणतो, सॉरी अंकल. मी म्हणतो, सावकाश.

वहीच्या मागच्या पानावर मी माझी पट्टी आखली, वाकडीतिकडी.
चोवीस तास.
अर्धे बसचे, जाण्यायेण्यासकट.
उरलेल्यांपैकी अर्धे झोपेचे.
उरलेल्यांपैकी दोन-तृतीयांश ती घरात नसते,
शाळा, शिकवणी, नेटबॉल.
राहिले दोन तास.
तपासून पाहिलं. दोनच.
त्यातला पाऊण तास मॅडम रोकियांनी खाल्ला.

रात्री भावाचा फोन येतो बातू पाहातहून.
आईचे गुडघे, रबराचा भाव, छपराचा पत्रा,
मग तो विचारतो, "बाकी काय?"
मी नेहमी म्हणतो, "बाकी काही नाही."
आज फोन वाजला तो वाजू दिला.

"पुढचं उलटं आहे," सुहैला म्हणते.
"शेवटी किती उरले ते दिलंय.
सुरुवातीला किती होते, ते आपण काढायचं."
मी म्हटलं, बस मागे घेताना
मागे कुणीतरी उभं राहून हात दाखवावा लागतो,
नाहीतर आम्हाला परवानगी नाही.

तिने खुर्ची थोडी माझ्याकडे ओढली.
पट्टीच्या अगदी टोकाशी,
शेवटच्या लहानशा चौकोनावर बोट ठेवलं.
"या," म्हणाली. "इथून.
हळू."