पिकलंय का?

एकेहार्डने चाळीस वर्षं घड्याळं उघडली,
आता तो फुलं उघडून बघतो.
भिंग तेच, पितळी कडेचं,
भुवईखाली खोबणीत आवळून धरायचं
म्हणजे दोन्ही हात मोकळे.
बाल्कनीत गांजाच्या तीन कुंड्या.
तीनच. आमच्या कायद्याला तीनपर्यंत मोजता येतं, म्हणतो,
आणि चौथ्या कुंडीत मुद्दाम पार्सली लावलीय,
पोलीस आलेच तर त्यांना चार पानं द्यायला.

मला त्याने एकदाच समजावलं, सूप गार होईपर्यंत:
ही पिठूळ चमक दिसते ना, रोझविथा,
ही धूळ नाही, दवही नाही.
एकेका देठावर एकेक थेंब,
टाचणीला काचेचं डोकं असावं तसा.
जे काही आहे ते त्या डोक्यात.
आधी पाण्यासारखं नितळ, तेव्हा हात लावायचा नाही.
मग दुधाळ.
मग मधाचा रंग चढतो, पण एकेकावर,
सगळ्यांवर एकाच दिवशी कधीच नाही.
आणि पानावरचे थेंब बघायचे नाहीत,
ते आधी पिकतात, फसवतात.

मी कारखान्यात तबकड्यांवर आकडे रंगवायचे.
सगळ्यात अवघड आठ,
कुठे थांबायचं ते त्याला स्वतःलाच माहीत नसतं.
आता माझी बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी.
रात्री तीनला जागी होतात, माझ्या आधी.
त्यांच्यासाठी या कुंड्या.

गेल्या सप्टेंबरात तो आत आला, बूट न काढता:
मध चढला! निम्म्याहून जास्त!
कापलं. शिवणाच्या खोलीत दोरीवर उलटं टांगलं,
पडद्यांना अजून तो वास आहे.
मग बरणी. मग ती रात्र,
जिच्यात मला मुळीच झोप आली नाही.
छातीत कुणीतरी चावी देत राहिलं.
भिंतीवरची आठही घड्याळं ऐकली,
त्यातलं एक मागे पडत होतं,
पहाटे त्याला उठवून तेवढंच सांगितलं.
कच्चं होतं, तो म्हणाला. कच्चं कसं?
मी बघितलं होतं.

जानेवारीत रोटवाइलच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी
त्याची हनुवटी यंत्रावर टेकवली.
मोतीबिंदू. दोन्हीकडे. उजवा चांगलाच पिकलाय.
भिंग पिवळं पडलंय तुमचं, हेर ब्योक्ले.
रोज पुसतो मी, तो म्हणाला.
बाई म्हणाल्या, हातातलं नाही.

परतताना गाडीत गप्प.
शिल्टाखच्या पुलावर विचारलं,
तुझा हा कोट निळा आहे की हिरवा?
निळा, मी म्हटलं.
तूच घेतलास. एकोणीस वर्षं निळाच आहे.

शस्त्रक्रियेची तारीख मिळाली नोव्हेंबरची.
फुलं काही नोव्हेंबरपर्यंत थांबत नाहीत.
ऑक्टोबर आला, दरीत धुकं साचलं,
फांदीच्या बेचक्यात बुरशीची भीती.
माझ्या बोटांत भिंग टिकत नाही,
त्याच्या डोळ्यांत रंग.
मग तो माझ्या मागे उभा राहिला,
खांद्यावरून हात पुढे, दोन बोटांत भिंग,
दुकानात धरायचा तसं, जराही न थरथरता.
श्वास धर, म्हणाला, काच धुरकटते.

आधी काहीच नाही. नुसतं हिरवं डबडब.
मग एकदम ते सगळे उभे,
गर्दी करून, डोकी वर काढून,
मी रंगवलेल्या रात्रीच्या तबकड्यांवर
दिवा घालवताच ठिपके उमटायचे तसे.

काय दिसतं?
दूध.
सगळीकडे?
एक मध. नाही, दोन.
आणि कडेला एक अजून नुसतं पाणी, बावळट.
मग आठवडाभर थांबू.
आणि बुरशी?
बुरशी रोज बघू.

माझं बघून झालं होतं.
तरी म्हटलं, हलू नकोस,
अजून एक फूल राहिलंय.