पेपर नंबर चौदा

यादी आठ पानांची निघाली.
स्टेशन रोडवरच्या झेरॉक्सवाल्याला म्हटलं,
भोक पाडून दोरा ओवून दे,
मॅडमना स्टेपल चालत नाही, नखात शिरते.

एकसष्ट पेपर. मोजले मीच.
"दस्तगीर, तू मोज, माझा हिशेब कच्चा."
तर तेवीस आणि सदतीस एकच निघाले,
आधी परिषदेत वाचलेला, मागाहून छापलेला.
मॅडमनी तिथल्या तिथे लाल रेघ ओढली.
साठ.
वाण्याकडून चुकून जास्त आलेले पाच रुपये
परत करावेत तशी.

इंग्रजी मला शीर्षकापुरतं येतं,
पण कुठल्या शीर्षकाखाली कुठलं गाव, ते पाठ आहे.
नववा म्हणजे उमदीच्या पुढची वस्ती.
एकतिसावा आटपाडीचा:
मॅडमनी कागदावर चौकोन काढले, गोल काढले,
मामा-भाचीच्या मधे दुहेरी रेघ,
खाली तीन चौकोन शाईनं भरले.
म्हातारा वाकून बघत होता.
"ह्या तीन खोल्यास्नी खिडकी न्हाई का?"

चौदावा मांगल्याचा.
त्या रोगाच्या नावात एक झाड आहे,
वारणाकाठानं कधी न पाहिलेलं.
परदेशात म्हणे त्याच्या चिकाचा पाक करतात,
पोराच्या लघवीला तसला वास येतो.
हौसाबाईला झाड कुठून माहीत?
दोन पोरं जाईपर्यंत ती सांगत होती,
लंगोटाला काकवीचा वास येतोय.
सासू म्हणायची, गुऱ्हाळावर राबतीस,
तुझ्याच लुगड्याला येत असंल.
तालुक्याचे डॉक्टरही तेच म्हणाले, जरा शुद्ध भाषेत.

तिसऱ्या खेपेला तिनं गुऱ्हाळ सोडलं.
सातव्या महिन्यापासून चुलाणाकडे फिरकली नाही.
लुगडी उकळून धुतली.
आणि सहाव्या दिवशी, बाळ जावेच्या मांडीवर ठेवून,
लंगोट पिशवीत घालून, ओली बाळंतीण
एसटीनं एकटी मिरजेला आली.
पिशवी टेबलावर ठेवली.
"आता घ्या वास. आता मी मधी न्हाई."

मॅडमनी घेतला. मग मला दिला.
त्याच रात्री बर्फाचा थर्मास घेऊन मी मांगल्याला.
नळीत पिवळट साका बसला,
दूध नासावं तसा.
पोरगा एकोणिसाव्या दिवशी गेला.
पेपर अठराव्या महिन्यात आला.

त्यात हौसाबाई नाही.
"मातेने वासाची तक्रार केली", ही एक ओळ.
गुऱ्हाळ सोडल्याचं मॅडमनी लिहिलं होतं,
संपादकानं कापलं. अनावश्यक.
शेवटी बारीक टाइपात आभार, तिथे मी,
शिकलगारमधलं एक अक्षर गळालेलं.
मी कुरकुरलो.
"एकच तर अक्षर," मॅडम म्हणाल्या,
आणि म्हणता म्हणता थांबल्या.
त्या पोराचंही एकच गळालं होतं.

चौथी मुलगी. तिचा पेपर नाही.
तिला तिसऱ्याच दिवशी धरलं.
डब्यातली पावडर, भात ग्रॅमवर तोलून,
वरण नाही, शेंगदाणा नाही,
पंगतीत बसायचं तर पान वेगळं.
आता इस्लामपुरात ब्लाउज शिवते. दहावीला गणितात राहिली.
मी एकदा विचारलं, हिच्यावर लिहायचं नाही?
मॅडमनी ड्रॉवर उघडला. बावीस पानं, टाइप केलेली, तारखेसकट.
"हौसाबाई नको म्हणाली.
पुस्तकात आली तर स्थळं येणार नाहीत."
नावं नसतात हो त्यात, मी म्हणालो.
"सांगितलं. ती म्हणाली, वासाला तरी कुठं नाव होतं,
तरी तुम्ही वळखलंच की."

ड्रॉवर बंद झाला.

साठाची यादी पुन्हा छापायला गेलो.
झेरॉक्सवाला म्हणाला, शेवटच्या पानावर दोनच ओळी येतायत,
मागच्या पानात बसवू? कागद वाचेल.
नको, म्हटलं.
राहू दे तेवढी जागा.