हातचा

देशाचं नाव सांगायची परवानगी नाही,
करारात तसं कलम आहे.
एवढंच सांगते: तिथे दंड वाळलेली मुलं
एक लाख नव्वद हजार,
आणि माझ्याकडे मुदत गुरुवारपर्यंत.

शारजात जुलै. काचेला बोट लावलं तर चटका,
आत एसी इतका की इहसान शाल घेऊन बसते.
मी एका मुलाचा खर्च काढते.

एक मूल, आठ आठवडे,
शेंगदाण्याच्या पेस्टची दीडशे पाकिटं,
बोटीचं भाडं, जबल अलीच्या गोदामाचं भाडं,
ट्रक, डिझेल, उंदरांनी खाल्लेलं तीन टक्के.
उंदरांसाठी रकाना आहे.

मग गुणिले.
पहिल्या मुलाला काय वेळ लागला तेवढाच;
बाकीची
चौकटीचा कोपरा धरून खाली ओढली
की आपोआप भरतात.

पाहणी चाळीस गावांची.
शितावरून भाताची परीक्षा, मी मीटिंगमध्ये
चुकून मराठीतच म्हणाले
आणि अर्थ सांगताना अडले.
भात कुठे होता?

व्याप्ती ऐंशी टक्के धरा, असा निरोप आला.
अडतीस हजार मुलं मग
कुठल्याच ओळीत बसेनात.

दंड मोजायची पट्टी माझ्या पर्समध्ये असते, नमुन्याची.
हिरवा, पिवळा, लाल.
परवा देणगीदारांसमोर गहवा आला,
मी सहज चाळा म्हणून
पट्टी गुंडाळली फिंजानच्या बुडाशी.
लाल.
खजुराची बी कितीतरी वेळ तोंडातच राहिली.

इहसान बघत होती. तिचं माहेर वाद मदनी.
लिफ्टमध्ये म्हणाली, आणि चालणं?
कुठलं चालणं?
पोराला काखेत घेऊन केंद्रावर जाते ना बाई,
दर आठवड्याला, जाऊन-येऊन सहा तास.
तुझ्या पेस्टला ट्रक आहे.

आमची आई बुरोंडीला अंगणवाडीत मदतनीस.
पगार नव्हता, मानधन होतं;
त्यात मान किती, धन किती
हे तिने कधी फोडून दाखवलं नाही.
खिचडीच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर
मला बेरजा घालायची.
हातचा विसरतेस तू, म्हणायची,
आणि वर तुझी बेरीज दिसते किती नीटनेटकी!

सत्तेचाळिसावी ओळ घातली मी:
आयांचे तास. दर रोजंदारीचा, कमीत कमी.
एकूण खर्च एकतीस टक्क्यांनी चढला.

घस्सान रागावला नाही. भला माणूस आहे,
त्याच्या मुलीचे फोटो आम्हा सगळ्यांकडे आहेत.
म्हणाला, जे कुणी कुणाला देणार नाही
तो खर्च नव्हे, नसीम.
खोडू नकोस हवं तर. लपव.

लपवली.
आता शेचाळीसनंतर एकदम अठ्ठेचाळीस,
छापल्यावर तेही दिसत नाही.
तळाशी बारीक अक्षरात: तयार केले, न. पांगारकर.

फक्त, ओळ लपवली तरी
बेरजेतून जात नाही.
हे घस्सानला माहीत नसावं, किंवा असावं.
त्या दुसऱ्या देशात, एखाद्या खात्यात,
एखादा जुना कारकून कागद पुढ्यात घेऊन
पेन्सिलीने वरून खाली आकडे मिळवील,
पुन्हा मिळवील,
आणि जुळत नाही म्हणून फोन करील.

गुरुवार होऊन गेला.
मी जेवायला खाली जात नाही,
डबा टेबलावरच उघडते.