घाई

मी विष्ठा मोजते.
अशी सरळ ओळख करून दिली की
औंधहून निघालेल्या बसमध्ये
शेजारची बाई पर्स दुसऱ्या मांडीवर घेते.
कोंबड्यांची, म्हणते मी.
त्यानं काही फरक पडत नाही.

भिंगाखाली एकेक कोश, लंबगोल,
आत चार पिशव्या, पिशवीत दोन-दोन,
आठ जण दबा धरून.
पिल्लानं टिपला की आतड्याच्या भिंतीत शिरतात,
वाढतात, फुटतात, पुन्हा शिरतात,
आणि सहाव्या दिवशी तुसावर लाल दिसतं.
रक्ती हगवण.
नाव ऐकूनच शेडवाल्याचा हिशोब चुकतो.

लस करायची तर यांना मारून चालत नाही.
मेलेल्याकडून आतडं काही शिकत नाही.

बोरवणकर सर म्हणाले होते, घाईवाले निवड.
पिल्लाला पाजायचं आणि घड्याळाकडे बघत बसायचं.
एकशे अडतिसाव्या तासाला जथाच्या जथा बाहेर पडतो,
पण दोन-चार असतात उतावळे, आधीच टपकणारे.
तेवढेच उचलायचे. नव्या पिल्लाला पाजायचे.
त्यांच्यातलेही पुन्हा पहिलेच.
ट्रे बदलायला रात्री अडीचला गेलेय मी,
लक्ष्मीपूजनाला गेलेय,
धाकटीला कांजिण्या होत्या तेव्हाही.
सर निवृत्त झाले सतराव्या पिढीला.
चोविसाव्या पिढीत एकशे बारा तास भरले.
आता त्यांना इतकी घाई
की भिंत फाडायला सवड नाही.
येतात, उंबऱ्यातून हाक मारतात,
चपला न काढताच निघून जातात.
आतडं मात्र आवाज ओळखायला लागतं.

मग फवारा.
एका दिवसाची शंभर पिल्लं एका खोक्यात,
वरून लाल रंगाचे थेंब.
चकाकतं म्हणून एकमेकांच्या पाठीवर चोच मारतात.
कोण कुणाला पाजतंय, सांगता येत नाही.

पलीकडच्या पिंजऱ्यात चौदा. त्यांना थेंब दिलेला नाही.
तुलनेसाठी.
त्यांच्याविषयी मी बसमध्ये बोलत नाही.
सातव्या दिवशी आतडं उभं चिरायचं, गुण लिहायचे,
शून्य ते चार.
तीन. चार. चार. तीन.
इथे शून्यवाला पहिला येतो.

एवढं करून उरुळीजवळ, यमुनाबाई कुंजिरांच्या शेडवर
लस हरली. दोनदा.
गेले बघायला.
तूस पिवळंधमक, कोरडं, कालच्या भातासारखं मोकळं.
"दर पाच दिसाला बदलते," त्या म्हणाल्या,
झाडू काखेत, मान ताठ.
मी उकिडवी बसले.
म्हटलं, पहिला थेंब म्हणजे नुसती मुळाक्षरं.
पिल्लं हगतात, तुसात ओल असली की ते पिकतं,
तेच पुन्हा टिपतात.
दुसरी इयत्ता त्या तुसात, तिसरीही तिथेच.
तुम्ही दर पाच दिवसांनी शाळाच झाडून टाकता.
"मंजी घाण ठिवू व्हय?"
थोडी.
"शिकल्याल्या ना तुमी?"

मूठभर तूस घेऊन दाखवलं.
दाबलं की गोळा व्हावा, बोटं उघडली की मोडावा.
एवढी ओल.
ते त्यांना लगेच कळलं, पिठात हात घातलेलाच होता आयुष्यभर.
झाडू तेवढा काखेतून निघेना.

बाविसाव्या दिवशी फोन.
मी मोजणीला बसलेले, एका डोळ्यानं भिंगात.
"रगात न्हाय दिसलं औंदा," त्या म्हणाल्या.
मग बराच वेळ नुसता शेडमधला कलकलाट,
दोन हजार गळे,
आणि त्याच्या अलीकडे एक अडलेला श्वास.

"बाई,
आता झाडू का?"